वाहाकाच्या डोंगरांत हिवाळा: गटाबरोबर चालायला कसं जावं

मेक्सिकोच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर वाहाका हे शहर आहे. तीन खोरी इथे येऊन मिळतात: वायव्येला एत्ला, पूर्वेला त्लाकोलुला आणि दक्षिणेला साचिला-सिमात्लान. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ नसतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २५-२७ अंश तापमान असतं आणि पहाटे ते १० अंशांच्या खाली उतरतं. चालायला याहून चांगली हवा मिळणं कठीण. कॅनडा-अमेरिकेतली गोठवणारी थंडी चुकवायला बरेच लोक दोन-तीन महिने इथे येऊन राहतात आणि त्यांच्यातलेच चालणारे लोक एकत्र येऊन आठवड्याला एक-दोन पदभ्रमणं ठरवतात. तिकडे स्थायिक झालेल्या किंवा मुलांकडे जाऊन राहणाऱ्या मराठी मंडळींनाही हे सहज जमण्यासारखं आहे. फक्त ते कसं करायचं हे आधी नीट समजून घ्यायला हवं. इथली एक गोष्ट बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात लवकर येत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डोंगर गावाचा असतो

या खोऱ्यांतली बहुतेक टेकाडं, कुरणं आणि जंगलं सामाईक मालकीची आहेत. 'एहिदो' (सरकारने गावकऱ्यांच्या गटाला दिलेली जमीन) किंवा 'कोमुनिदाद' (गावाकडे परंपरेने असलेली जमीन) या दोन प्रकारांत ती मोडतात. जमिनीचा कारभार गावाने निवडलेली एक समिती पाहते. वाहाका राज्यात ५७० नगरपालिका आहेत. त्यांतल्या चारशेहून अधिक ठिकाणी पुढारी पक्षांच्या तिकिटावर न निवडता गावसभेत, परंपरेनुसार निवडले जातात. या पद्धतीला राज्याच्या कायद्याने १९९५ मध्ये मान्यता दिली. 'तेकिओ' नावाची प्रथा अजून जिवंत आहे: घरटी एका माणसाने गावाच्या कामासाठी बिनमोबदला राबायचं. रस्ते, पाण्याचे पाट, शाळा, कितीतरी पायवाटा अशाच राखल्या गेल्या आहेत.

याचा चालणाऱ्याशी थेट संबंध आहे. नकाशावर रेघ दिसली म्हणजे तिथून जायची मुभा आहे असं होत नाही. अनोळखी माणूस सॅक पाठीवर टाकून झऱ्याच्या बाजूला फिरताना दिसला, तर गावकरी त्याला थांबवून विचारतात आणि तो त्यांचा हक्कच आहे. दोन गावांत हद्दीचा वाद चालू असेल तर एखादी वाट एका हंगामात खुली आणि पुढच्या हंगामात बंद असते. चांगल्या गटाचा लीडर आधी गावच्या कचेरीत जाऊन परवानगी घेतो, काय द्यायचं ते देतो, कोणती वाट बंद आहे ते विचारून येतो. गटाबरोबर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. सोबत, सुरक्षितता, नवी ओळख हे सगळं त्यानंतर येतं. म्हणून माझा आग्रह आहे, पहिले काही आठवडे डोंगरात एकट्याने जाऊ नये.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही. मुक्कामाची कमाल मुदत १८० दिवस, पण ती आपोआप मिळत नाही. विमानतळावरचा अधिकारी किती दिवस द्यायचे ते ठरवतो. परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पत्ता हातात ठेवावा, किती दिवस राहणार ते स्पष्ट सांगावं आणि शिक्का मारल्यावर तिथल्या तिथे दिवस वाचून घ्यावेत.

विमा काढताना दोन ओळी शोधाव्यात: पदभ्रमण त्यात धरलं आहे का, आणि किती मीटर उंचीपर्यंत. काही पॉलिसी ठरावीक उंचीच्या वरचे अपघात वगळतात, आणि इथल्या काही वाटा ३,००० मीटरच्या वर जातात. साठीच्या पुढच्या माणसाने आधीपासूनच्या आजारांचं कलमही वाचावं.

शरीराची तयारी घरीच सुरू करावी. सपाटीवर रोज तासभर चालणं चांगलंच, पण इथे दम लागतो चढावर आणि गुडघे बोलतात उतारावर. हिवाळ्यात बाहेर पडता येत नसेल तर इमारतीचे जिने, पाठीवर तीन-चार किलो वजन घेऊन, चढावे आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरावे. नवे बूट घेतले असतील तर ते इथे येण्याआधी पायांत मुरलेले हवेत.

गट शोधणं, आणि कोणता आपला ते ठरवणं

चौकशीची पहिली जागा म्हणजे शहरातलं इंग्रजी पुस्तकांचं ग्रंथालय, 'वाहाका लेंडिंग लायब्ररी'. १९६६ पासून ते चालू आहे आणि परदेशी रहिवाशांचा राबता तिथे असतो. एक सकाळ तिथे घालवली, दोन-चार जणांशी बोललं की कोण कधी कुठे चालतं ते कळतं. घरमालक आणि स्पॅनिशचे शिक्षक यांनाही विचारावं. स्थानिक तरुणांचे गिर्यारोहण गट वेगळे असतात. त्यांचा वेग जास्त आणि बोलणं स्पॅनिशमध्ये. भाषा येत असेल तर त्यांच्याबरोबर जाण्यात मोठा आनंद आहे.

गट साधारण तीन तऱ्हांचे. एक, स्वयंसेवकांनी चालवलेले, जिथे वर्गणी थोडी किंवा फक्त गाडीभाड्याचा वाटा. दोन, पैसे घेऊन नेणारे व्यावसायिक. तीन, गावानेच चालवलेली पर्यटन कचेरी, जी स्वतःचा वाटाड्या देते. पहिल्या प्रकारात लोक आपलेपणाने वागतात, पण जबाबदारी ज्याची त्याची असते आणि बहुधा तसं सहीनिशी लिहूनही घेतात. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

नाव देण्याआधी लीडरला काही प्रश्न जरूर विचारावेत. किती किलोमीटर हे सगळेच विचारतात. त्याहून कामाचा प्रश्न: एकूण चढ किती मीटर? सावली आहे का? उतार घसरडा आहे का? दरीच्या कडेने वाट जाते का? मध्येच परत फिरायचं झालं तर कुठून रस्ता गाठता येतो? सगळ्यांच्या मागे कोण चालणार? या शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. गटात पुढे एक आणि सगळ्यांच्या मागे एक अशी दोन नेमलेली माणसं नसतील, तर तो गट फाटतो आणि सगळ्यात दमलेला माणूस फाट्यावर एकटा उरतो.

वेळेचा अंदाज बांधायला १८९२ सालचा नेस्मिथचा नियम अजून उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे दहा किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. हे न थांबता चालणाऱ्या दणकट माणसाचं गणित झालं. गट, ऊन, उंची आणि विसावे धरून मी त्यात निम्मा वेळ आणखी मिळवतो. साडेचार तास उन्हात चालायची तयारी आहे का, हा प्रश्न मग स्वतःला विचारता येतो. उत्तर डळमळीत असेल तर त्या आठवड्यात सोपी वाट घ्यावी.

पहिला आठवडा

१,५५० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण सहावा हिस्सा प्राणवायू कमी मिळतो. बसून राहिलं तर कळत नाही, जिना चढताना कळतं. पहिले तीन-चार दिवस शहरातच पायी हिंडावं, पाणी भरपूर प्यावं. नळाचं पाणी पिऊ नये. घरोघरी वीस लिटरचा 'गार्राफोन' असतो, बाटल्या त्यातूनच भराव्यात.

त्यानंतर एखादी छोटी टेकडी. मोन्ते अल्बान त्यासाठी उत्तम आहे. खोऱ्याच्या तळापासून सुमारे ४०० मीटर वर, इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास वसलेलं हे सापोतेक या इथल्या मूळ रहिवाशांचं नगर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वर गाडीने जाऊन मोठ्या चौकात आणि आसपास दोन तास चालावं. तिन्ही खोरी तिथून एका नजरेत येतात आणि पुढच्या सगळ्या वाटा डोक्यात नीट बसतात.

याच निमित्ताने एक गोष्ट सांगून ठेवतो. या खोऱ्यांतल्या टेकड्यांवर चालताना पायाखाली जुनी खापरं दिसतात, कधी दगडी हत्याराचा तुकडा. हात लावावासा वाटतो. बघावं आणि तिथेच राहू द्यावं. १९७२ च्या कायद्याने अशा सगळ्या वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत आणि त्या खिशात घालणं गुन्हा आहे. शिवाय जमिनीतून उचललेलं खापर अभ्यासकाला मग काहीच सांगू शकत नाही. त्लाकोलुला खोऱ्यातल्या मितला आणि यागुलच्या परिसरातल्या गुहांत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी लागवड केलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या. त्या बिया जागच्या जागी राहिल्या म्हणूनच आपल्याला ते कळलं. तो परिसर २०१० मध्ये जागतिक वारसा झाला.

सॅकमध्ये काय

पाणी: अर्ध्या दिवसाला दोन लिटर, पूर्ण दिवसाला तीन. वाटेत भरून घेऊ हा विचार सोडून द्यावा, कारण या महिन्यांत ओढे कोरडे असतात आणि जिथे पाणी आहे ते गुरांचं आहे. सोबत ओआरएसची दोन पाकिटं.

रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पटकन वाळणारा शर्ट, लांब पँट. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि १७ अंश अक्षांशावर हिवाळ्यातही दुपारचा सूर्य चांगला वर असतो. हवा थंड लागते म्हणून ऊन जाणवत नाही. संध्याकाळी मान भाजलेली कळते.

लांब पँटचं दुसरं कारण काटे. बाभळीच्या जातीची झुडपं, निवडुंग, घायपाताची टोकं सगळीकडे आहेत. 'माला मुहेर' नावाचं एक झुडूप ओळखायला लीडरकडून शिकून घ्यावं. त्याच्या पानांवरच्या बारीक केसांचा स्पर्श झाला की त्वचा पेटते. गुरांच्या कुरणातून गेलो तर गोचिडी लागतात. पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर आंघोळीआधी काखा, गुडघ्यांमागची जागा, कमरेचा पट्टा बसतो ती जागा तपासावी. बसताना दगड आधी काठीने हलवावा, खाली विंचू असू शकतो.

काठ्या दोन घेतल्या तर उत्तम. इथले उतार भुसभुशीत मुरमाचे आहेत, त्यावर पाय सरकतो. तीच काठी कुत्र्यांसाठीही उपयोगी पडते. मेंढपाळांची कुत्री भुंकत अंगावर येतात. पळू नये, नजर रोखू नये. दगड उचलायला वाकल्यासारखं केलं की बहुतेक माघार घेतात. चावा बसलाच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्र्यांमुळे माणसाला होणारा रेबीज मेक्सिकोने संपवला असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलं, पण वटवाघळं आणि रानटी प्राण्यांमधून तो अजून येतो. लस घ्यायची की नाही हे डॉक्टरला ठरवू द्यावं.

पैसे वीस आणि पन्नास पेसोंच्या नोटांत, शिवाय नाणी. पाचशेची नोट खेड्यात मोडत नाही. एका चिठ्ठीवर स्पॅनिशमध्ये आपलं नाव, रक्तगट, चालू औषधं, घरच्या माणसाचा नंबर. वापरलेला कागद परत आणायला एक जाड पिशवी.

ठिकाणावर पोहोचणं

मोठे गट व्हॅन ठरवतात. छोटे गट 'कोलेक्तिवो' म्हणजे वाटून घेतलेल्या टॅक्सीने जातात. त्लाकोलुला खोऱ्याकडच्या गाड्या बेसबॉल स्टेडियमजवळच्या हमरस्त्यावर मिळतात, इतर दिशांच्या बऱ्याचशा मुख्य बाजाराच्या, सेंत्राल दे आबास्तोसच्या, आसपास. गाडी भरली की सुटते. मागे तिघं, पुढे चालकाशेजारी दोघं हे नेहमीचं. सॅक मांडीवर घ्यावी लागते, म्हणून ती आटोपशीर असावी.

गट साडेसातला निघणार म्हणजे साडेसातला निघतो. यात लष्करी खाक्या काही नाही. दहाच्या आत चढ संपवला नाही तर ऊन चढतं, आणि गावच्या कचेरीत लीडरने वेळ दिलेली असते. उशीर होणारच असेल तर त्या दिवशी घरी राहावं आणि तसं कळवावं.

इथे रास्ता रोको वारंवार होतात. शिक्षकांच्या संघटना, गावं, वाहतूकदार, कुणीही हमरस्ता अडवू शकतं. ओलांडायचा प्रयत्न करू नये, वाद घालू नये, फोटो काढू नये. लीडर बेत बदलेल, ते मान्य करावं. विमानाच्या आदल्या दिवशी लांबचं पदभ्रमण ठेवू नये याचंही कारण हेच.

वाटेवर

भेटणाऱ्या प्रत्येकाला अभिवादन करावं, गटातल्या प्रत्येकाने. दुपारपर्यंत 'बुएनोस दीआस', नंतर 'बुएनास तार्देस'. खेड्यात न बोलता शेजारून जाणं उद्धटपणाचं मानतात. कुणी जेवत असेल तर 'प्रोवेचो', कुणाच्या पुढून जायचं असेल तर 'कोन पेर्मीसो'. थोरली मंडळी आपसांत सापोतेक बोलतात, पण एवढं स्पॅनिश सगळ्यांना पोहोचतं आणि चेहरे उजळतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात मक्याची कापणी चालते. वाट शेताच्या बांधावरून असेल तर एकामागे एक चालावं. ताटं वाळलेली दिसली तरी त्यांच्या बुडाशी वेल आणि भोपळे असतात, कारण मका, घेवडा आणि भोपळा एकत्रच लावतात. फाटक जसं सापडलं तसं सोडावं: उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावून. घायपात रानटी वाटलं तरी ते पीक आहे, आणि त्याला मेस्काल या दारूसाठी तयार व्हायला सहा-सात वर्षं किंवा अधिक लागतात. माणसांचे फोटो विचारून. ड्रोन नकोच.

गटात असताना फाट्यावर थांबणं हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. मागचा माणूस दिसेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. आडोशाला जायचं असेल तर शेवटच्या माणसाला सांगून आणि सॅक वाटेवर ठेवून जावं, म्हणजे कुणी मागे राहिलं आहे हे कळतं. दम लागला तर लगेच बोलावं. 'सगळ्यांना माझ्यामुळे थांबावं लागेल' या संकोचाने लोक गप्प राहतात आणि मग भर उन्हात बसकण मारतात, तेव्हा खरोखर सगळ्यांना थांबावं लागतं. डोकं दुखणं, मळमळ, घाम अचानक थांबणं, बोलण्यात गोंधळ ही उष्म्याची लक्षणं आहेत. सावली, पाणी, कपडे सैल, ओला रुमाल मानेवर, आणि चालणं बंद. बोलण्यात गोंधळ दिसला तर वाट बघत बसू नये, मदत बोलवावी. मेक्सिकोत आपत्कालीन नंबर ९११ आहे, पण घळींत फोनला रेंज नसते. नकाशा आधी उतरवून ठेवावा आणि शेवटची रेंज कुठे होती ते लक्षात ठेवावं.

सिएर्रा नॉर्ते

तीन-चार आठवडे खोऱ्यात चालून झालं की शहराच्या ईशान्येकडच्या या डोंगरात जरूर जावं. इथली आठ सापोतेक गावं 'पुएब्लोस मांकोमुनादोस' म्हणून एकत्र नांदतात आणि जंगल सामाईक राखतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ती स्वतःचं पर्यटन चालवतात: राहायला लाकडी खोल्या, गावातलाच वाटाड्या, जेवण, आणि मिळकत गावाच्या कामांना. सुरुवातीला सांगितलं की डोंगर गावाचा असतो. ते इथे सगळ्यात सुंदर रूपात दिसतं. शुल्क भरलं की पावती मिळते, वाटाड्या नेमून दिला जातो. वाट ठाऊक असली तरी त्याला घेऊनच जावं. कोणत्या पानाचा काढा करतात, कोणतं झाड कधी तोडायला मुभा आहे, मागची आग कुठवर आली होती हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

क्वाहिमोलोयास सुमारे ३,२०० मीटरवर आहे. तिथे प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश. शहरातून गाडीने दोनेक तासांत १,६०० मीटर चढून लगेच चालायला लागलो तर डोकं धरतं. शक्य असेल तर एक रात्र वर राहावं, पहिल्या दिवशी थोडंच चालावं. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा झोकांड्या जाऊ लागल्या तर खाली उतरणं हाच उपाय. तिथून लातुवीपर्यंतची वाट जवळपास ८०० मीटर उतरते: पाइन आणि ओकचं जंगल, ढगांत भिजलेलं शेवाळ, मग शेतं. उतारच आहे म्हणून सोपी समजू नये, गुडघ्यांची परीक्षा इथेच होते. लातुवीपासून लाचातावकडे जाणारी जुनी राजवाट त्यामानाने सौम्य आणि ओढ्याच्या सोबतीची आहे. रात्री तापमान शून्याच्या जवळ जातं, म्हणून लोकरी टोपी आणि जाड जाकीट लागतंच. खोऱ्यात राहून हे विसरायला होतं.

मार्चनंतर

मार्च-एप्रिलमध्ये दुपारचं तापमान तिशीच्या वर जातं, वारा धूळ उडवतो आणि वणवे लागतात. या दिवसांत पदभ्रमणं सहालाच सुरू होतात किंवा उंच जंगलात जातात. धूर दिसला, वास आला, तर लीडर परत फिरवतो. त्यावर चर्चा नको. गावकरी आग विझवायला धावतात, त्यांच्या गाड्यांना रस्ता मोकळा ठेवावा.

हंगामभर चालून वाटा ओळखीच्या झाल्या की गटाला माणसं लागतातच. मागे राहणाऱ्याचं काम आधी मागून घ्यावं. दमलेल्याच्या चालीने चालणं आणि डोकी मोजणं त्यात जमू लागतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोहोचता आलं तर वाटांच्या पाहणीला जाता येतं. पावसाने कुठे दरड आली, कुठे नवं कुंपण पडलं, गावात नवी समिती बसली का आणि तिला ही वाट चालेल का, हे तेव्हा दोघा-तिघांनी फिरून विचारायचं असतं. त्यासाठी कामापुरतं स्पॅनिश उन्हाळ्यात घरी शिकून यावं.